बुचाचा आवाज

"किती गार लागंल ही? माठावानी का बर्फावानी?"

कुशाबाईंनी फ्रीजमधून बाटली काढली आणि पदराने पुसली. कालपासून ती दुधाच्या पातेल्याशेजारी आडवी पडून होती.

"बर्फासारखी," त्यांची लेक प्रतिभा म्हणाली. "झाली असेल आता. आण इकडं."

बाटली आबांनी आणलेली. हनुमंत आबा म्हणजे प्रतिभाचे वडील. रांजणगावच्या एका कंपनीत उभं आयुष्य प्रेस मशीन चालवून ते दिवाळीत निवृत्त झाले, आणि उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. भुताचे सिनेमे हा त्यांचा एकमेव शौक. सुट्टीच्या दिवशी दार लावून बघायचे, आणि भूत आलं की खदखदून हसायचे. पुण्यात हॉटेलात नोकरी करणाऱ्या प्रतिभाने त्यांना एकदा फोनवर सांगितलं होतं, की असल्या सिनेमाबरोबर फसफसणारी वाइन छान लागते. भीतीने घशाला कोरड पडते आणि बुडबुड्यांनी जीभ जागी राहते. "मंग बघू की एकदा," आबा म्हणाले होते. बाटली सापडली ती तेराव्यानंतर, गव्हाच्या कोठीत.

"नुसती ठिवून काय करायची? उघड," हे आज कुशाबाईंनीच म्हटलं होतं. अंधार पडल्यावर, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून, खिडकीवर वाकळही त्यांनीच टाकली. सोबतीला शेंगा उकडल्या.

प्रतिभा सिनेमासाठी आली नव्हती. ती आईला कायमची घेऊन जायला आली होती.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघू ना?"

"बघू."

"बघू काय आई? चहूकडं ऊस. रानात वाघरू फिरतंय. इथं तुला काही झालं तर हाक कुणाला ऐकू जाणार?"

"सिनेमा लाव," कुशाबाई म्हणाल्या.

टीव्हीवर एक बाई हातात मेणबत्ती घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरू लागली. कुशाबाई शेंगा सोलत शांतपणे बघत होत्या. प्रतिभाने तार सोडवली, बूच अंगठ्याने वर रेटलं. बूच सुटलं ते थेट पत्र्यावर. फटाका फुटावा तसा आवाज झाला. नेमक्या त्याच क्षणी टीव्हीतली बाई किंचाळली, आणि किंचाळतच राहिली.

"अगं बया!" म्हणत कुशाबाईंनी उतू चाललेल्या बाटलीखाली पेला धरला.

दोघींचा पहिला घोट अजून घशाखाली उतरतोय, तोच दार धडाधडा वाजलं.

"कुशाताई! भाईर यिऊ नका! कुठं हाय त्यो?"

प्रतिभाने दार उघडलं. शेजारच्या वस्तीवरचे ईश्वरआप्पा काठी आणि बॅटरी घेऊन उभे होते, अनवाणी. त्यांच्यामागे त्यांची बायको धुरपदा पितळी ताट लाटण्याने बडवत होती. बांधावरून आणखी बॅटऱ्या पळत येताना दिसत होत्या.

"वाघ नाही आप्पा. सिनेमा आहे."

"आन् फटाका कुणी वाजिवला मंग?"

"बूच उडालं बाटलीचं."

आप्पांनी बांधाकडे वळून ओरडून सांगितलं, "जावा रं माघारी! बूच हाय, बूच!" बॅटऱ्या थबकल्या, हसण्याचा आवाज आला आणि त्या मागे वळल्या.

धुरपदाची नजर मात्र पेल्यावर गेली होती. "कुशे, भावजींना जाऊन वर्स न्हाई झालं. आन् ह्ये काय?"

कुशाबाईंनी पेला लपवला नाही.

"त्यांनीच आणल्याली. माझ्यासंगं प्यायची म्हनून. बस."

धुरपदा ताट भिंतीला टेकवून बसली. आप्पांनी स्टीलच्या पेल्यातून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबाट सोडा हाय की ह्यो! ह्येच्यासाठी मी तारंत पाय फाडून घेतला व्हय?"

"कुणी सांगितलं व्हतं पळाय?" धुरपदा म्हणाली. "चप्पल घाला म्हणत व्हते. वाघ काय थांबला नसता?" मग टीव्हीकडे बघत, "ही भवानी सारखी खालीच का जाती पर? वर मानसं न्हाईत व्हय घरात?"

कुशाबाई हसल्या. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. मग उठून त्यांनी तांब्याभर पाणी आणि हळद आणली.

दोघं गेल्यावर कुशाबाई पेले विसळत म्हणाल्या, "तुझ्या बिल्डिंगीत येत्यात का गं अशी मानसं?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. प्रतिभाने समोरच्या फ्लॅटमधल्या लोकांचं आडनाव आठवून पाहिलं. तिने पुन्हा गाडीचा विषय काढला नाही.

सकाळी पंपाची लाइट लवकर आली. प्रतिभाला एकटीलाच यवतच्या स्टँडवर सोडायला आप्पांनी मोटरसायकल काढली, पायाला फडकं बांधून. कांद्याच्या रानापाशी त्यांनी गाडी हळू केली. कुशाबाई साडी खोचून, पोटरीभर चिखलात दारं धरत होत्या, एकेका वाफ्यात पाणी वळवत. हे काम आबांचं होतं. रात्रपाळी करून आले तरी ते दुसऱ्या कुणाला खोरं लावू देत नसत. कुशाबाईंचा हात अजून बसला नव्हता. पाणी एकीकडून फुटत होतं, त्या धावून माती ओढत होत्या.

"हाक मारू का?" आप्पांनी विचारलं.

"नको," प्रतिभा म्हणाली. "वाफा भरत आलाय."