पहिल्या नंबरचा दिवा

आमच्या समितीला एकच काम होतं. पोहण्याच्या तलावात पाण्याखाली लावायचे दिवे कमी विजेत किती उजेड देतात ते मोजायचं आणि पास-नापासाचं मानक ठरवायचं. एवढ्याशा कामासाठी आम्ही वर्षभर चहा ढोसत होतो. अध्यक्ष कोण, तर माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा. प्रयोगशाळेत दिवे मोजणारी कोण, तर मी. घरी मीठ कमी पडलं तरी तेच बोलणार, इथे आकडा कमी पडला तरी तेच बोलणार. माझी सुटका कुठेच नव्हती.

पहिल्या नंबरवर एका कारखानदाराचा दिवा होता. एका वॅटमागे इतका उजेड, की बाबा त्याच्या प्रेमातच पडले. मला मात्र तो पटेना. आम्ही दिवे मोजायचो ते आतून काळ्या रंगवलेल्या टाकीत, कारण काळ्या भिंतीवरून उजेड परत फिरत नाही आणि आकडा चोख येतो. पण तलावाची फरशी पांढरी. त्यात पोरं धुडगूस घालणार, पाणी हलणार. हा दिवा तिथे डोळे दिपवणार आणि तळाशी कोणी पडलं तर काठावरच्या जीवरक्षकाला दिसणारच नाही, अशी मला धास्ती होती. मानक मंजूर झालं की सगळ्यात आधी दिवे बदलणार होते एका शाळेच्या तळघरातल्या तलावात. तिथे माझी लेक पोहायला शिकत होती.

"आई म्हणून बोलू नकोस, इंजिनियर म्हणून बोल," बाबा भर सभेत म्हणाले.

"इंजिनियर म्हणूनच बोलतेय. पोरं टाकीत पोहत नाहीत, बाबा."

"इथे मी अध्यक्ष आहे."

"बरं, अध्यक्षसाहेब. शाळेच्या तलावावर चला."

आले, कारखानदारालाही घेऊन. का, तर दिव्यासोबत फोटो हवा होता! दिवा पाण्यात सोडून लावला. अहाहा, नुसता लखलखाट. बाबा काठावर वाकले, फोटोसाठी तोंड भरून हसले आणि त्यांची कवळी डुबुक्कन पाण्यात गेली.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू, फारसा नाही केला.

बाबा तोंडावर रुमाल धरून 'शोधा, शोधा' असं काहीतरी पुटपुटत होते. जीवरक्षक त्याच्या उंच खुर्चीवर चढला, डोळे चोळचोळून बघू लागला. कारखानदार काठाकाठाने रांगला. काही दिसेना. शेवटी मीच म्हटलं, हा बंद करा आणि जुने मिणमिणते लावा. लावले, तर कवळी समोरच तळाशी दात विचकत पडलेली.

"कवळी ती केवढीशी!" कारखानदार म्हणाला. "माणूस काय, दिसतोच की."

बाबांनी कवळी धुतली, तोंडात बसवली आणि जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, "मग काय करायचं म्हणतेस?"

"बाहुली बुडवायची. आपल्या पोरीएवढी."

दुसऱ्या दिवशी जीवरक्षकानं सरावाची, पाणी भरलं की बुडणारी बाहुली आणली. बाबांनी घरून नातीचा फिकट निळा पोहण्याचा पोशाख आणला होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं बाहुलीला चढवला. "चाचणी करायची तर नीट करू," म्हणाले. समितीतल्या दोघा ढेरपोट्यांना हातपाय आपटायला पाण्यात उतरवलं आणि बाबा स्वतः जीवरक्षकाच्या खुर्चीवर चढले.

बाहुली तळाशी गेली. जुन्या उजेडात ती सगळ्यांना दिसत होती. मग नवा दिवा लावला.

तलाव लखलखला आणि बाहुली नाहीशी झाली. बाबा वाकून इकडे बघतायत, तिकडे बघतायत. 'बघा, सांगत नव्हते मी?' असं ठणकावायचं मी ठरवून आले होते. ते सोडून मीही काठावर वाकून तिला शोधू लागले.

"कुठेय ती?" बाबा ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "अरे, बघत काय बसलात! काढा तिला बाहेर! काढा!"

जीवरक्षकानं कपड्यांसकट उडी मारली. कारखानदार धावत गेला आणि त्यानंच आपला दिवा बंद केला.