अजून दोन सामने

गोळ्यांच्या पाकिटाची सगळी घरं फुटलेली होती. चांदीच्या कागदाला बारीक बारीक तोंडं, आणि एकाही तोंडात गोळी नाही... भागुबाईने ते बोटांत दाबलं, ते चुरचुरलं, तशी तिने मूठ पटकन ओच्यात घेतली. नातीचं निळं जाकीट धुवायला घेताना खिसे चाचपले आणि हे निघालं. परवाच आणलेलं पाकीट. म्हणजे दुखणं उतरलेलं नाही, चढलंय— आणि संध्याकाळी ओझरहून तिचं विमान आहे.

न्हाणीत पाणी पडत होतं. वाकून तांब्या बुडवायला नको म्हणून हर्षालीने बादली स्टुलावर ठेवली होती. घरात हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दसरा तोंडावर, सगळे झेंडूच्या वावरात. हर्षालीचा बाप महेश तर कालपासून नदीकाठच्या फूलबाजारात भेटेल त्याला सांगत सुटला होता की आमची पोरगी आता जगात पहिली येणार.

पहिली... ते खरंच होतं. हर्षाली देशाच्या संघातून एक दिवसाचे सामने खेळते, जोरात चेंडू टाकते. एक गडी बाद करायला सरासरी किती चेंडू लागले, त्याला स्ट्राइक रेट म्हणतात, आणि तो आकडा जितका लहान तितकी गोलंदाज मोठी, हे भागुबाईला पोरीनेच समजावलं होतं. हर्षालीचा आकडा सगळ्यांत लहान होता. पण विक्रमाच्या यादीत नाव यायचं तर ठरावीक चेंडू टाकलेले लागतात, आणि तिचे थोडे कमी होते. अजून दोन सामने. त्यात एकही गडी मिळाला नाही तरी तीच वर राहणार होती. फक्त चेंडू टाकायचे होते.

मागे एकदा तिचा आकडा जरा वाढला, तेव्हा फुलांचे व्यापारी लियाकतभाई पेढे घेऊन दारात आले होते. वाढलं म्हणजे चांगलंच, दुसरं काय? हर्षाली हसत हसत ओसरीवर धपकन खाली बसली होती. तेव्हा तिला असं धपकन बसता येत होतं...

भागुबाई फुलांच्या ढिगापाशी आली, सुई ओवली, दोन फुलं घातली, सुई ठेवून दिली. उठली. पुन्हा बसली, मनाशीच बोलत राहिली.

मणक्याच्या हाडाला केसाएवढी चीर पडलीय, असं पोरीने फक्त मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, चेंडू हातात धरू नकोस. चीर वाढली तर ऑपरेशन, खेळ तर जाईलच, चालणंही पहिल्यासारखं राहील याची खात्री नाही. हे सगळं सांगून ती म्हणाली, "आजी, तीनच मॅच. तेवढ्या टाकल्या का वर्षभर झोपून राहते. पप्पांना बोलू नको." आणि मी काय केलं? पेटीतून जुनं लुगडं काढलं आणि त्याची पट्टी फाडली. आमच्यात बाई फुलं खुडायला निघाली की आधी कंबर बांधते. दुखत असो नसो, बांधायची आणि सरीत शिरायचं. माझ्या सासूने मला बांधली, मी हिला बांधली— श्वास सोड म्हटलं, गुडघा लावून ओढली, गाठ पोटावर घेतली. मागचा सामना ती जर्सीच्या आत माझं लुगडं गुंडाळून खेळली. चार गडी घेतले. फोनवर म्हणाली, "आजी, तू आमच्या टीममध्ये पाहिजे होतीस."

त्या रात्री भागुबाई नीट झोपलीच नाही, इतका आनंद झाला होता. चार गडी... त्यात आपलाही हात आहे, असं तिला वाटत राहिलं होतं, आणि ते वाटणं गोड होतं.

कोनाड्यातला फोन वाजायला लागला. हर्षालीचा फोन. पडद्यावर नाव होतं. म्हातारपणी शिकलेली अक्षरं तिने ओठांत जुळवली— फिजिओ मॅडम. न उचललेला बरा. पण तो थांबेना, आणि न्हाणीतलं पाणी मात्र थांबलं, तसा तिने घाईने उचलला.

संघातल्या पोरींची दुखणी बघणारी ही मॅडम कोल्हापूरकडची निघाली. हर्षाली आंघोळीला गेलीय म्हटल्यावर ठेवेल असं वाटलं, पण ती म्हणाली, "बरं झालं आजी, तुम्हीच भेटलात. पोरी आम्हाला खरं सांगत नाहीत. सकाळी अंथरुणातून कशी उठते ती? सरळ उठते, का कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन?"

सरळ उठते, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन... मी कितीतरी वर्षं तशीच उठते. महेशच्या जन्मानंतर लगेच झेंडूत उतरले तेव्हापासून. सासूने बघितलं, नवऱ्याने बघितलं, कुणी विचारलं नाही. मलाही ते विचारण्यासारखं वाटलं नाही. कंबर असतेच तशी, असं समजून बांधत राहिले. पण हिने विचारलं, एका परक्या बाईने, इतक्या साध्या आवाजात. यादीतलं नाव पोरीला हवं होतं. पण पट्टी ओढताना गुडघ्यात जो जोर आला होता, तो कुणाचा होता? आपली वाकलेली कंबर एकदा तरी कुठेतरी पहिली यावी...

"आजी? ऐकताय ना?"

"ऐकतेय," भागुबाई म्हणाली.

दारात हर्षाली उभी होती. ओले केस, एक हात चौकटीला. फोन कुणाचा हे तिने ओळखलं होतं, आणि ती मान हलवत होती— नको, नको. डोळे मोठे झालेले, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी व्हायचे तसे. दुसरा हात कमरेच्या मागे होता आणि तो तिथे आहे हे तिला माहीतही नव्हतं.

फोनमध्ये मॅडम थांबली होती. तिला घाई नव्हती. खरं सांगितलं तर पोरगी आपल्यावर कायमची रुसेल, ही सकाळपासूनची भीती भागुबाईने आत शोधली. ती भीती जागेवर नव्हती, आणि 'सरळ उठते' हे दोन शब्दही आता तोंडाशी नव्हते. फोन कानाला तसाच ठेवून ती नातीकडे बघत राहिली... हिला आपण नेहमी धावत येऊन चेंडू टाकतानाच बघितलं. ही नुसती उभी कशी राहते, ते आज बघतोय.