कड्यावरचं ठाणं वाढलं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. अशी जागा मनात आणा, जिथे नजर पोचेल तिथवर बर्फच बर्फ आहे. झाड नाही, पाखरू नाही, बसायला बांधसुद्धा नाही. सूर्य मावळत नाही, तरी ऊब म्हणून नाही. मग लांबच्या पठारावरून गार, जड वारा उताराला लागतो आणि बर्फाचा भुगा उडवत खाली येतो. बघता बघता आभाळ आणि जमीन एक होतात. हात पुढे केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. आणि त्या पांढऱ्या अंधारात तुमचे बाबा गाडी चालवत आहेत.

आता डोळे उघडा. शालूला मात्र उघड्या डोळ्यांनीही तेच दिसत होतं. ती उभी होती आंधळगावात, आपल्या घराच्या गच्चीवर, आत्यासाठी आणलेला चहा हातात धरून. डोक्यावर लख्ख ऊन होतं.

झालं होतं असं. शालूचे बाबा, धर्मेंद्र, ट्रॅक्टर-बुलडोझर दुरुस्त करण्यात पटाईत. त्या वर्षी ते थेट अंटार्क्टिकात, एका संशोधन तळावर, बर्फातल्या गाड्या चालवायला आणि सांभाळायला गेले होते. त्यांची धाकटी बहीण स्वाती, म्हणजे शालूची आत्या, पीएचडी झाल्यावर पुढचं संशोधन करत होती. ध्रुवाकडचं हवामान आधीच ओळखणारा एक संगणकाचा प्रोग्राम ती तयार करत होती. शालूने एकदा विचारलं, की यंत्राला वारा कसा कळतो. तेव्हा आत्या समोरच्या, आजीच्या हातमागाकडे बोट दाखवून म्हणाली, की तू मागाजवळ बसून बसून नक्षी ओळखायला लागलीस, कोणी नियम पाठ करून घेतले नाहीत. तसंच आम्ही या प्रोग्रामला कित्येक वर्षांचे वारे आणि ढग दाखवले, आता तो पुढची नक्षी ओळखतो. पण त्या बर्फात वारा मोजणारी ठाणी फार थोडी, म्हणजे खांबावर बसवलेली यंत्रं. त्यातल्या एकाने जरी खोटं सांगितलं, तरी प्रोग्राम फसतो. कड्यावरचं ठाणं तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण पठारावरून सुटलेला वारा आधी तिथे लागतो.

दिवाळीला आत्या घरी आली होती, तरी काम सुटलं नव्हतं. तळावरून गाड्यांचा काफिला निघण्याआधी तिथले लोक तिच्या प्रोग्रामचा अंदाज विचारत. इंटरनेट फक्त गच्चीवर मिळे, म्हणून ती लॅपटॉप घेऊन वर बसली होती आणि तिचा फोन खाली चार्जिंगला होता.

त्या फोनवर सुगतचा कॉल आला. सुगत आत्याबरोबर काम करणारा. तो रेल्वेत चढत होता, आवाज तुटत होता. तो म्हणाला, की आत्याला लगेच सांग, कड्यावरचं ठाणं बंद पडलंय, जुनेच आकडे पुन्हा पुन्हा पाठवतंय. एवढं बोलून फोन कटला.

शालू धावली. पण जिना होता मागाच्या खोलीतून, आणि मागावर आजीने, गिरजाबाईंनी, त्याच सकाळी कोशाच्या रेशमाचा नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला होता. ताणा नवा असताना त्या घरात कोणी ‘तुटलं’ म्हणत नसे, ‘बंद पडलं’ म्हणत नसे. बांगडी फुटली तरी वाढली, दिवा विझला तरी वाढला, धागा गेला तरी वाढला, असंच म्हणायचं. मागे एकदा शालूच्या तोंडून ‘तुटला’ निघालं आणि त्याच संध्याकाळी बाबा मोटरसायकलवरून पडले. आजी तिला रागावली नव्हती, नुसती बघत राहिली होती. ते बघणं शालू विसरली नव्हती.

म्हणून जिन्याच्या पायरीवरून तिने वर ओरडून सांगितलं, “आत्या, सुगतकाकाचा फोन होता. कड्यावरचं ठाणं वाढलं.”

“वाढलं? बरं झालं,” वरून आवाज आला.

बरं कसं झालं, हे शालूला कळलं नाही. मोठ्यांचं काहीतरी असेल, असं म्हणून ती चहा करायला गेली.

चहा घेऊन ती गच्चीवर आली तेव्हा आत्या खुशीत होती. कड्यावर जुन्या ठाण्याशेजारी नवं ठाणं उभं करायचं काम किती दिवसांपासून चाललं होतं म्हणे. “आता दोन झाले तिथं. वारा शांत दिसून राहिला, म्हणून मी तळावरच्या लोकांले निघा म्हणून कळवलं. तुया बाबाची गाडी निघाली असन.”

शालूच्या उघड्या डोळ्यांपुढे तो पांढरा अंधार आला तो तेव्हा.

दोन नव्हे. एक होतं, तेही मेलं होतं. ते शांत दिसत होतं, कारण कधीतरी शांत असतानाचा आकडा ते अजून घोकत होतं. आणि बाबा त्याच कड्याच्या दिशेने चालले होते. चूक सांगावी तर तो शब्द उच्चारावा लागणार. बाबा तिकडे बर्फात असताना तो शब्द बोलायचा? खालून मागाचा खटखट आवाज येत होता.

“आत्या, ते तसं नाही वाढलं,” ती कशीबशी म्हणाली.

“मंग कसं वाढलं? तुया आजीच्या गुडघ्यावानी?” आत्या हसली. हसता हसता तिने शालूच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू थांबलं. “शालू, काय म्हणला सुगत? त्याचेच शब्द सांग.”

शालूने खाली पाहिलं. मग आत्याच्या कानाला तोंड लावून, श्वासाइतक्या आवाजात तिने सांगितलं.

आत्या ताडकन उठली. चहाचा कप लवंडला, तिकडेही तिने बघितलं नाही. जिन्यात पडता पडता वाचली, फोन घेऊन पुन्हा वर आली. तळावर केलेला पहिला कॉल लागला नाही, दुसरा लागला नाही. मग तळावरच्या वायरलेसच्या माणसाने उचलला. काफिला निघून गेला होता. त्याने सगळ्यात पुढच्या गाडीला मागे फिरा म्हणून हाक मारली आणि फोनच रेडिओला लावून धरला. खरखरीतून गच्चीवर एक आवाज आला. बाबांचा.

बाबा म्हणत होते, की इथे आभाळ स्वच्छ आहे, उगीच काहून मागे फिरायचं, मागच्या गाड्यांनाही थांबवावं लागेल. त्यांच्या बोलण्यामागे बारीक शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. आत्या घाईघाईने सांगायला लागली. तिचे अर्धे शब्द खरखरीत बुडत होते.

“स्वाती, काही समजून नाही राहिलं. नक्की निरोप काय होता? कोणी घेतला?”

आत्याने शालूकडे पाहिलं. खाली मागाचा आवाज थांबला होता. आजी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी होती, पदर तोंडाला लावून. रेडिओतली ती वाऱ्याची शिट्टी आता जरा मोठी झाली होती.

“कोण आहे तिथं? शालू? बोल बेटा.”

शालूने आत्याच्या हातातून फोन घेतला. ती गच्चीवर खालीच बसली. फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला आणि गल्लीतल्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “बाबा, कड्यावरचं ठाणं बंद पडलं. तुटलं ते. गाडी फिरवा.”