लिसबेथचं वर्षासन

स्टुटगार्टजवळच्या एका जुन्या राजघराण्याच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या ऑफिसात सुलेखा नोकरीला होती. राज्य जाऊन शंभर वर्षं उलटली, तरी जंगलं, द्राक्षमळे, खंडाने दिलेली शेतं अजून घराण्याचीच होती. त्या उत्पन्नातून काही जुनी वर्षासनंही जात. कुठल्याशा पूर्वजाने ती पिढ्यान्‌पिढ्यांसाठी लावून दिलेली. एकरकमी पैसे देऊन ती कायमची मिटवायची, हे एल्टर्नत्साइट, म्हणजे बाळासाठीची रजा, संपवून आल्यावर सुलेखाला मिळालेलं पहिलं काम.

बाकी सगळे तयार झाले. राहिल्या फ्राऊ एबरले. ऐंशी ओलांडलेल्या, डोंगरातल्या खेड्यात एकट्या राहणाऱ्या.

"पत्रांना उत्तरच देत नाहीत," साहेब, हेर लांग, म्हणाले. "तुम्ही जाऊन समजवा."

येत असल्याचं कळवून सुलेखा गेली. बाईंनी केक कापून ठेवला होता. सुलेखाने मनात जुळवलेलं बोलायला सुरुवात केली आणि तिच्या छातीत कळ आली. मुलीला सकाळी पाजलं होतं, त्यानंतर सवडच झाली नव्हती. शर्टवर ओला डाग उमटला. ती ओशाळली.

"बाळ केवढं आहे?" बाईंनी विचारलं.

"नऊ महिन्यांची आहे. ऊर्जा. किटामध्ये, पाळणाघरात ठेवलीय."

"आतल्या खोलीत जा. दार लावून घ्या. मला काही घाई नाही."

दूध काढून सुलेखा परत आली, तेव्हा बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. "हे वर्षासन कशाचं आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"नोंद फक्त 'सेवेबद्दल' एवढीच आहे."

"दुधाचं आहे ते." बाई थांबून थांबून बोलत होत्या. "माझ्या पणजीची आई, बार्बरा. राजपुत्राला पाजायला तिला राजवाड्यात नेलं. तिची स्वतःची लिसबेथ तान्ही होती, ती इथे राहिली, गाईच्या दुधावर. हिवाळ्यात गेली. बार्बराला कळवलं वसंतात. आधी सांगितलं तर दूध आटेल म्हणून. पुढे तिला आणखी मुलं झाली, म्हणून आम्ही आहोत. राजपुत्र मोठा झाला आणि त्याने हे लावून दिलं."

सुलेखा म्हणाली, "आमच्या भाषेत अशा मुलीला दूधबहीण म्हणतात. राजपुत्राची दूधबहीण."

"मिल्शश्वेस्टर," बाई म्हणाल्या. "आमच्याकडेही आहे हा शब्द. लिसबेथला कुणी लावला नाही, इतकंच." मग म्हणाल्या, "मला मूलबाळ नाही. मिटवायला माझी हरकत नाही. पण सही केली की तिची म्हणून काहीच खूण उरणार नाही. म्हणून उत्तर देत नव्हते."

हेर लांगनी सगळं ऐकून घेतलं. "आल्झो, म्हणजे, वाईट झालं. पण हे करारात कुठे बसवणार?"

"मग मी मालकांनाच विचारते," सुलेखा म्हणाली. मीटिंगमध्ये आवाजही न चढवणारी ती, स्वतःच दचकली.

घराण्याचे आताचे प्रमुख सत्तरीचे होते, जंगलातली तोड स्वतः बघायचे. तिथेच, लाकडांच्या थप्पीशेजारी उभं राहून, सुलेखाने त्यांना लिसबेथची गोष्ट सांगितली.

"तो राजपुत्र म्हणजे माझे पणजोबा," ते म्हणाले. मग बराच वेळ बुटाला लागलेला चिखल बघत राहिले. "तिला कुठे पुरलंय?"

"कुणालाच ठाऊक नाही."

"चॅपलमध्ये पणजोबांच्या थडग्याशेजारी जागा आहे. तिच्या नावाचा दगड तिथे बसवू."

मे महिन्यात घराण्याच्या चॅपलमध्ये एक छोटा दगड बसला. त्यावर लिसबेथचं नाव, आणि खाली 'मिल्शश्वेस्टर'. फ्राऊ एबरलेंना आणायला मालक स्वतः गाडी घेऊन गेले. बाईंनी तिथल्या बाकावर बसून करारावर सही केली, चष्मा काढला आणि दगडाजवळ गेल्या. रुमालाने त्यावरची धूळ पुसली. मग वाकून, झोपेतून उठलेल्या लहान मुलीशी बोलावं तशा, आपल्या गावच्या बोलीत काहीतरी बोलू लागल्या. सुलेखाला त्यातलं फारसं कळलं नाही. मालकांनी तिला खूण केली आणि दोघं बाहेर येऊन उन्हात उभी राहिली.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. डोळे लाल होते, चेहरा मोकळा.

"भूक लागलीय मला," त्या म्हणाल्या. मालकांनी हात पुढे केला, त्यांनी तो धरला, आणि तिघं जेवायला गेली.