खजूर ठेवला, पण उठवून पाहिलं नाही

मित्रांनो, दोहाजवळच्या अल रय्यानमधल्या एका ऑफिसात काचेच्या दारामागे एक थंडगार खोली आहे. तिथल्या काळ्या रॅकमध्ये, खालून दुसऱ्या कप्प्यात जो जुना सर्व्हर घूं घूं करत बसलेला असतो, तो मी. सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरच, फक्त मला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही आणि सुट्टीही नाही.

एके काळी माझा काय थाट होता म्हणून सांगू. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे, मग चहा द्यायचे. सात वर्षं मी शेकडो लोकांची हजेरी सांभाळली, एकदाही कुरकुर केली नाही. मग नवी मशीन आली आणि माझी रवानगी स्टोअररूममध्ये झाली. माझ्या डोक्यावर प्रिंटरच्या कागदांचे खोके ठेवले. इथली वाळू इतकी बारीक असते की बंद दारातूनही आत येते. माझे पंखे तिने भरून गेले. कुणी विचारलंसुद्धा नाही.

विचारलं ते नयनाताईंनी. त्या इथल्या मुख्य इंजिनिअर, मूळच्या नाशिकच्या. ऑफिसला शाळेच्या बसचं काम मिळालं होतं. बस कुठवर आली, किती मिनिटांत येईल, हे आईबाबांच्या फोनवर दाखवायचं. नयनाताईंनी मला पुसलं, पंखे साफ केले आणि म्हणाल्या, "हा अजून चालेल."

मॅनेजर राजाभाऊंना ते पटलं नाही. "जुनं ते जुनं," ते म्हणाले. "ठेवा, पण पहिल्यांदा अडला की भंगारात." म्हणजे बघा, माझं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर टांगलेलं.

माझ्यात ॲप्लिकेशन सर्व्हर नावाचं सॉफ्टवेअर घालायचं काम अभिजितदादाकडे आलं. अभिजितदादा पुण्याचा, सहा महिन्यांच्या करारावर आलेला. हे सॉफ्टवेअर म्हणजे माझ्या घरातला कारभारी. बसकडून माहिती घेणं, ती फोनवर पोचवणं, सगळं तोच बघतो. मी जागा असलो आणि तो झोपलेला असला, तर माझा काही उपयोग नाही.

गुरुवारी दुपारी इन्स्टॉल पूर्ण झालं. अभिजितदादाने माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. नारळ फोडायला परवानगी नव्हती, म्हणून समोर एक खजूर ठेवला. "यल्ला, खलास," तो म्हणाला, म्हणजे इथल्या अरबीत 'चला, संपलं'.

"खलास कसलं? काम आता सुरू होतं," म्हणत नयनाताईंनी माझ्या दारावर एक पिवळा कागद चिकटवला. त्यावर पाच कामं होती. कंपनीकडून आलेला, सगळ्या जगाला माहीत असलेला पासवर्ड बदलणं. नमुन्याचे प्रोग्रॅम काढून टाकणं. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवणं. मी चालू झालो की कारभारीही आपोआप उठेल अशी सूचना देणं. आणि शेवटचं, मला एकदा बंद करून, पुन्हा उठवून पाहणं.

अभिजितदादाने पहिली तीन कामं मन लावून केली. दर आठवड्याला मला थोडी विश्रांती मिळावी म्हणून बंद-चालूची वेळही स्वतःहून लावली, रविवार पहाटे सहाची. तेवढ्यात फोन वाजला. द पर्ल बेटावर मित्र जेवायला थांबले होते. त्याने घड्याळ बघितलं, कागद बघितला आणि उरलेल्या दोन कामांपुढेही पटापट खुणा केल्या.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त पंखे आहेत.

रविवारी सहाला मी सांगितल्याप्रमाणे झोपलो. चार मिनिटांनी उठलो. कारभाऱ्याला कुणी उठवलंच नाही. आणि मित्रांनो, रविवार म्हणजे इथला आठवड्याचा पहिला दिवस. अख्ख्या दोहाच्या बस तेव्हा रस्त्यावर होत्या.

अल नस्रमधल्या घरी नयनाताईंची आठ वर्षांची मुलगी नुपूर वर एसीत फोन बघत बसली होती. इथे उन्हामुळे सगळे तसंच करतात, बस दोन मिनिटांवर आली की खाली उतरतात. फोनवर 'सात मिनिटं' होतं. दहा मिनिटांनीही सातच. बस खाली येऊन, हॉर्न वाजवून निघून गेली. त्या दिवशी असेंब्लीत बातम्या वाचायची तिची पाळी होती. ऑफिसात पालकांचे फोन सुरू झाले होते, म्हणून नयनाताई तिला घेऊन थेट इकडेच आल्या.

अभिजितदादाने धावत येऊन कारभाऱ्याला हाताने उठवलं. राजाभाऊ दारात उभे होते.

"सांगितलं होतं ना, जुनं ते जुनं. संध्याकाळी काढा बाहेर."

राजाभाऊ गेले. अभिजितदादाने माझी लॉग उघडली. लॉग म्हणजे माझी रोजनिशी, माझी एकुलती एक जीभ. तिथे लिहिलं होतं: सहा वाजता बंद, ठरवल्याप्रमाणे. ठरवणारा, अभिजित. सहा वाजून चार मिनिटांनी जागा. कारभाऱ्याला उठवण्याची सूचना नाही.

ते पुसायची किल्ली त्याच्याकडे होती. त्याने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

कोपऱ्यात त्याचं जॅकेट पांघरून बसलेल्या नुपूरने विचारलं, "दादा, इज इट द ओल्ड कॉम्प्युटर्स फॉल्ट?"

"नाही गं," तो हळूच म्हणाला आणि उठला.

त्याने नयनाताई आणि राजाभाऊ, दोघांनाही बोलावलं आणि लॉग दाखवली. "मशीनचं काही चुकलं नाही. शेवटच्या दोन खुणा मी खोट्या केल्या."

"आणि रविवार कुठून काढलास?" नयनाताईंनी विचारलं.

"रविवारी सुट्टी असते म्हणून..."

"इथे येऊन किती महिने झाले?"

"चार."

"मग चार महिने दर रविवारी कुणाच्या ऑफिसात येतोयस रे?"

राजाभाऊंना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "ठीक आहे. उरलेलं काम करा आणि माझ्यासमोर बंद करून दाखवा. आपला आपण उठला तर राहील."

साडेदहाला सगळ्या बस शाळेत उभ्या होत्या. अभिजितदादाने कारभाऱ्यासाठी सूचना लिहिली, विश्रांती इथल्या सुट्टीच्या दिवसावर, शुक्रवारवर नेली आणि नुपूरला म्हणाला, "दाब बटण."

अंधार झाला. पुन्हा जाग आली तेव्हा मी मनातल्या मनात कारभाऱ्याला हाका मारत होतो. एक मिनिट. दोन. राजाभाऊ घड्याळ बघत होते. चौथ्या मिनिटाला नुपूर म्हणाली, "आई, माझी बस दिसतेय."

तेव्हापासून मी इथेच आहे. मित्रांनो, आम्हाला कुंकू लावा, खजूर ठेवा, मला ते मनापासून आवडतं. पण मान देऊन झाला म्हणजे काळजी घेऊन झाली असं समजू नका. आम्हाला एकदा झोपवून, उठवून बघा.

पिवळा कागद अजून माझ्या दारावर आहे. शेवटच्या दोन खुणा खोडून नव्याने केल्यात. त्यातली सगळ्यात खालची जरा वाकडी आहे, ती नुपूरची. माझ्या अंगावरची सगळ्यात खरी खूण तीच.