गाळ ठेवायचा कुठं

"फुकटचं खत, आणि तेही नेऊ नको म्हणतोस? अक्कल गहाण टाकलीस की काय?" थोरल्यानं ट्रॉली गाळाच्या वाफ्याला लावली.

धाकटा फावड्यावर हनुवटी टेकून उभा होता. गावाचं सांडपाणी साफ करायच्या हौदावर त्याची अकरा वर्षं गेली, म्हणून सगळे त्याला हौदवालाच म्हणायचे. हौदातले डोळ्यांना न दिसणारे जीव घाण खाऊन वाढत आणि त्यांचाच काळा गाळ तळाशी बसे. तो उपसायचा, वाफ्यात वाळवायचा, शेतकऱ्यांना वाटायचा. वरचं पाणी नदीला जाई. खालच्या गावात त्याची लेक नांदत होती. तिची घागर त्याच नदीत बुडायची.

"दादा, फवारणीचा पंप धुतोस कुठं?"

"गटारीवर. सगळेच धुतात."

"मग ते औषध जातं कुठं?"

"तुझ्या हौदात. त्यासाठीच तर बसवलाय तुला. परवा तुझे पंचायतीचे साहेबच म्हणाले, तपासणीत पाण्यात औषधाचा मागमूस नाही."

"पाण्यात नाही. गाळात आहे. त्या जिवांनी थोडं पचवलं असेल, बाकीचं गोचिडासारखं त्यांनाच चिकटून बसलंय."

त्यानं भिंतीकडचे दोन तेलाचे डबे दाखवले. एकात नुसती माती, तिथला वाल काठीवर चढला होता. दुसऱ्यात गाळ मिसळलेला. तिथं तीनदा पेरलं, तीनदा कोंबानं चौथ्या दिवशी मान टाकली.

थोरला हसला. "तुझ्या हाताला गुणच नाही. तू लावलेलं गवतसुद्धा वाळायचं."

डबे साहेबांनीही पाहिले होते. म्हणाले होते, "दुसरी जागा आहे का तुझ्याकडे? वाफे रिकामे कर, नाहीतर हौद तुंबून सगळं सरळ नदीत जाईल." ते काही खोटं नव्हतं. सकाळपासून वरच्या पाण्यात काळे तुकडे तरंगत होते. इकडं भावाचं रान, तिकडं लेकीची घागर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

थोरल्यानं पाटी उचलली.

"भर," हौदवाला म्हणाला. "पण तुझ्या रानात नको. माझ्या परसात टाक. सगळा."

थोरला त्याच्याकडं बघतच राहिला. "असं होय? त्यासाठी वालाचं नाटक? एकट्यालाच पाहिजे होतं तर सरळ बोलायचं."

हौदवाल्यानं फावडं गाळात घातलं. हावरट म्हणून का होईना, दादाचं रान तर वाचत होतं.

तीन खेपा झाल्या. वाटेत भेटेल त्याला थोरला धाकट्याची हाव सांगत होता. परसात हौदवाल्यानं आधी प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, मग वर गाळ घेतला. दिवस कलताना ढीग कुंपणाला टेकला तशी बायको बाहेर आली.

"अहो, माझा मांडव?"

"काढ."

वेल सोडवता सोडवता ती एवढंच म्हणाली, "आणि पुढच्या महिन्यातला गाळ?"

त्यानं परसभर नजर फिरवली. पाऊल टाकायला जागा नव्हती. आता फक्त घर उरलं होतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या गटारीतून दुधासारखं पांढरं पाणी वाहत आलं आणि हौदाकडं वळलं. वरच्या अंगाला थोरला फवारणी आटोपून पंप धूत बसला होता.