छताचं कापड कुजलंय

आमच्या कॅम्पर व्हॅनचं छत वर उचललं की त्याच्याभोवती तंबूसारखं कापड उभं राहतं. मागच्या सहलीत ते फाटलं आणि पाऊस थेट लेकीच्या अंथरुणात आला. "कापड कुजलंय," असा नवऱ्यानं निकाल दिला आणि हात झटकले.

बदललं मी. जुन्या कापडाच्या गंजक्या पिना पक्कडीनं एकेक करून उपटल्या, बोटं सोलवटून घेतली, नवं कापड ताणून ठोकलं. साहेब खुर्चीत बसून "जरा डावीकडे घे" एवढंच म्हणत होते. शेवटची पिन बसली तसे साहेब उठले आणि शेजाऱ्याला हाक मारली, "या, बघा, आम्ही घरीच केलं!"

आम्ही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे थांब, आधी कापड आत ओढून घे," असं मी ओरडेपर्यंत त्यानं छत कसं मिटतं ते शेजाऱ्याला दाखवायला ते धाडकन खाली खेचलं. मागच्या बिजागरीत कापड अडकलं आणि टर्रकन फाटलं.

"कापडच हलकं निघालं," तो म्हणाला.

मी कचऱ्यात टाकलेलं जुनं कापड ओढत आणलं आणि नव्याशेजारी धरलं. तोच मागचा कोपरा, तसाच टरकावलेला. बाकीचं कापड अजून चांगलं मजबूत होतं.

शेजारी हळूच सटकला. मी पक्कड नवऱ्याच्या हातात कोंबली आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"उपट पिना," मी म्हटलं. "जरा डावीकडे घे."